बारा ताटांचं बिऱ्हाड

पौष सरत आला की मुंबईच्या हवेत थोडे दिवस कोरडेपणा येतो. थंडी म्हणावी इतकी नसते. ओठ फुटतात, सकाळचं पाणी हाताला टोचतं आणि दुपारचं ऊन अंगावर घ्यावंसं वाटतं, एवढंच. बहुतेकांना हे दिवस आवडतात. मला मात्र ते लवकर सरावेत असं वाटतं. या दिवसांत उगाचच जीव टांगणीला लागतो. काहीतरी बांधायचं राहिलंय, कुणीतरी यायचं राहिलंय, असं घरभर वाटत राहतं.

यंदा तर नेमकं याच दिवसांत आमची दादरची इमारत पुनर्विकासाला जायची आहे. मुलगा आणि सून रोज संध्याकाळी टेबलाशी बसून आकडे मांडतात. डिपॉझिट, दलाली, टेम्पो, नव्या घराचे पडदे. मला म्हणतात, आई, तुम्ही कशाला हात लावू नका. मी हात लावत नाही. कपाटापाशी जाते, उघडते, पुन्हा लावते. परवा सुनेनं सहज विचारलं, "आई, तुमचं पहिलं शिफ्टिंग कधी झालं हो?"

"संयुक्त महाराष्ट्राच्या वेळी," मी म्हणाले.

ती हसली. तिला वाटलं, मी साल विसरले म्हणून इतिहास सांगतेय. पण आमच्या घरात त्या दिवसांना हेच नाव होतं.

लालबागला गिरणीच्या चाळीत आमची खोली होती. खोली बाबांची नव्हती, बाबांच्या नोकरीची होती. ते साच्यावर, म्हणजे मागावर, कामाला होते. छातीच्या दुखण्यानं ते गेले, आणि दिवसपाणी उरकतंय तोवर गिरणीचा माणूस येऊन सांगून गेला की पुढल्या महिन्याअखेर खोली रिकामी करावी लागेल. तो वाईट बोलला नाही. दारात चपला काढून उभा राहिला, आईकडे न बघता बोलला आणि गेला. आई शेगडीत कोळसे घालत होती. ती घालतच राहिली. शेगडी शिगोशीग भरली तरी तिचा हात थांबेना, तेव्हा मी तो धरला.

आई खानावळ चालवायची. गिरणीतले बाराजण आमच्याकडे जेवत. सगळे आमच्या मालवणाकडचे, बायकापोरं गावाला ठेवून आलेले. वीस-वीस जणांच्या गाळ्यात पाळीपाळीनं झोपायचे आणि जेवायला आमच्याकडे यायचे. बाबा अंथरुणाला खिळल्यापासून घर त्या बारा ताटांवर चाललं होतं. त्यामुळे आमच्यापुढे प्रश्न नुसता खोलीचा नव्हता. खोली अशी हवी होती, जिथे धूर चालेल, माशांचा वास चालेल आणि बारा पुरुष दोन वेळा जेवून गेलेले चालतील. अशी खोली भाड्यानं कोण देणार? पागडी मागितल्याशिवाय तर कुणी बोलतच नव्हतं.

शेवटी ती मिळाली वरळी कोळीवाड्याच्या तोंडाशी, खुरसाजवळ, म्हणजे रस्त्यातल्या क्रुसाजवळ. घरमालकीण फिलोमिना, सगळे तिला फिलूमाय म्हणत. विधवा, उंच, हाडापेरानं मजबूत. भावाच्या होडीची मासळी विकायची. मागच्या अंगणाला लागून तिची एक खोली होती आणि एक पडवी. पागडी नको म्हणाली, भाडं मात्र आगाऊ. आईला तिनं वरपासून खालपर्यंत बघितलं आणि आपली अट सांगितली. "मानसं जेवून गेली तर मना चालंल. पन ऱ्हायला तुमी दोघी बायकाच. बाप्या मानूस घरात नको. गावात मना तोंड दाखवायचं हाय."

आईनं मान हलवली. परतीच्या वाटेवर ती खाली बघत चालली होती. मला वाटलं, खोली मिळाली म्हणून तिचा जीव शांत झाला असेल. घरी आल्यावर कळलं की ती सारी वाट मनातल्या मनात मांडणी करत होती.

आईला लिहिता येत नव्हतं. जेवणं उरकल्यावर तिनं बाराही पितळी ताटं घासून पुसून जमिनीवर ओळीनं मांडली आणि एकेका ताटावर हात ठेवून माणसाचं नाव घेऊ लागली. लालबागहून वरळी किती लांब. पाळी सुटल्यावर तिथवर चालत कोण येणार? "हो येतलो," हा येणार, म्हणून एक ताट तसंच ठेवायची. "हो येवचो नाय," म्हणून एक पालथं घालायची. मग उरलेल्या उताण्या ताटांवर पुन्हा हात फिरवायची. हे भाडं, हे तांदूळ, हे कोळसे, हे मासे. ताटं संपायची आणि गरजा उरायच्या. मी मॅट्रिकच्या अलीकडच्या वर्षात होते. माझ्या शाळेचं एक ताट ती सगळ्यात शेवटी धरायची. दोनतीनदा मांडून झाल्यावर एकदा तिनं तेच ताट उचललं, माझ्याकडे न बघता तांदळाच्या बाजूला सरकवलं आणि सगळी ताटं गोळा करून मोरीत नेली. ती घासलेलीच होती. तिनं ती पुन्हा घासली.

बाहेर चळवळ पेटली होती. गिरण्यांचे भोंगे कधी वाजत, कधी वाजत नसत. चाळीच्या गॅलरीतून आम्ही मोर्चे बघायचो. मुंबई आमची आहे, असं हजार माणसं एका आवाजात म्हणायची तेव्हा अंगावर काटा यायचा. मलाही त्यांच्याबरोबर ओरडावंसं वाटायचं. मग मागे वळून बघितलं की आमच्या खोलीत गाठोडी दिसायची, आणि मला कळेना की मुंबई आमची आहे तर आम्ही जायचं कुठे.

आईला मोर्च्याची भीती वाटायची ती निराळीच. गॅलरीच्या कठड्याला धरून ती खालच्या गर्दीत आपली माणसं शोधायची. संप झाला की कुणी गावाला जायचा, कुणाला पोलीस उचलायचे. तिच्या मांडणीतलं एकेक ताट आपोआप पालथं पडत होतं.

बाराजणांतला सर्वांत धाकटा भिवा. कणकवलीच्या बाजूचा, विशीतला, बदली कामगार. त्याच्या आईनं गावाहून येताना त्याला आमच्या आईच्या हवाली केलं होतं. मला तो चिडवायचा, माझी वह्यांची पिशवी लपवायचा, आणि सामान हलवायच्या दिवशी हातगाडी आपणच ठरवणार, असं त्यानं आईला सांगून ठेवलं होतं.

आम्ही निघायच्या आठवड्यात लालबाग-परळला गोळीबार झाला. चाळीत आवाज ऐकू आले. आम्हाला आधी वाटलं कुणीतरी पत्रे आपटतंय. त्या दिवशी दुपारी आईकडे सातजण जेवले. रात्री पाच. भिवा दोन्ही वेळेला आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आईनं इतरांना विचारलं तर सगळे खाली मान घालून जेवत राहिले. तिनं आमटीचा टोप उचलून बाजूला ठेवला आणि म्हणाली, "भिवा खय आसा ता सांगल्याशिवाय वाढूचंय नाय."

तेव्हा एकानं सांगितलं. भिवाच्या पोटरीतून गोळी आरपार गेली होती. इस्पितळात पोलीस जखमींची नावं लिहून घेत होते म्हणून सोबत्यांनी त्याला तिथे नेलं नाही. ओळखीच्या डॉक्टरांनी जखम बांधून दिली आणि त्याला गाळ्यात माळ्याखाली झोपवलं होतं. अंगात ताप होता. गाळ्यातले लोक घाबरले होते. झडती आली तर सगळेच जातील, म्हणून त्याला हलवा म्हणत होते. गावाला पाठवावं तर त्याला उभं राहता येत नव्हतं.

आई डोक्यावर पदर घेऊन निघाली. मी मागोमाग. गाळ्यात बायका जात नसत. आई सरळ आत गेली आणि त्याच्या कपाळाला हात लावला. भिवा रडू लागला. "काकी, मी नुसतो बघूक गेल्लंय," म्हणाला. खरं होतं की खोटं, आईनं कधी विचारलं नाही.

घरी आल्यावर ती म्हणाली, "सामानाबरोबर तेका पण नेवया."

आयुष्यात आईला मी एवढं उलट बोलले नव्हते. म्हटलं, फिलूमायनं काय सांगितलंय ते विसरलीस? ती खोली गेली तर आपण कुठे जाऊ? आगाऊ भाडं भरलंय. वाटेत पोलीस आहेत. मी एकेक कारण सांगत गेले आणि ती वळकट्या बांधत राहिली. शेवटी सुतळीची गाठ दातांनी ओढत म्हणाली, "माझ्या हातचा जेवलोहा तो. तेका मी खय टाकू?" मग थोड्या वेळानं, अगदी हळू, "माका पण भय वाटता गो. पण दुसरा काय करूचा?"

हे दुसरं वाक्य ऐकल्यावर मला जास्त भीती वाटली. तोवर माझी समजूत होती की आईला सगळं माहीत आहे.

निघण्याच्या दिवशी सकाळी ते कोरडं ऊन पडलं होतं. हातगाडीवाला आला, आमच्याकडे जेवणारे दोघेजण ढकलायला आले. खाली पाटा-वरवंटा, तांदळाचं पिंप, टोप. त्यावर गाद्या. गाद्यांच्या मध्ये भिवाला बसवलं. त्याला बाबांचा कोट घातला होता, डोक्याला मफलर, आणि पायावरून आमची जुनी गोधडी. मांडीवर मोठा टोप. तो बाबांसारखा दिसू लागला, आणि आईनं त्याच्याकडे बघणं टाळलं.

रस्त्यात दुकानं अर्धी उघडी होती. कोपऱ्याकोपऱ्यावर विटांचे तुकडे, फुटलेल्या दिव्यांच्या काचा. गाडीचं चाक खड्ड्यात गेलं की भिवा ओठ चावायचा. मी गोधडीकडे बघत चालत होते. एखादा लाल डाग वर येईल असं वाटत होतं. आपण बघतोय म्हणूनच तो येईल, असं वाटून मग मी समोर बघायची, आणि समोर पूल दिसायचा.

पुलाच्या उतारावर पोलिसांनी अडवलं. एकानं काठीनं गाद्या दाबून बघितल्या. टोपांची झाकणं उघडायला लावली. तांदळाच्या पिंपात हात घातला. मग काठी गोधडीवर ठेवून विचारलं, "हा कोण? काय झालंय याला?"

आईनं उत्तर दिलं, आणि इतक्या शुद्ध मराठीत, की मी तिच्याकडे बघतच राहिले. "छातीचं दुखणं आहे, साहेब. माझे मालक याच दुखण्यानं गेले. चाळीत ठेवून घेत नाहीत, म्हणून समुद्राच्या हवेवर नेते."

भिवा खोकला. मुद्दाम की भीतीनं, देव जाणे. पोलिसाची काठी गोधडीवरून उचलली गेली. त्यानं रुमाल काढून तोंडाला लावला आणि दुसऱ्या हातानं खूण केली, जा, जा.

प्रभादेवीच्या पुढे आई रस्त्याच्या कडेला थांबली, ओकली, पदरानं तोंड पुसलं आणि पुन्हा गाडीमागे चालू लागली. बऱ्याच वेळानं म्हणाली, "तुझ्या बापाशीचा दुखणा शेवटाक कामाक इला."

ते वाक्य माझ्या मनात अजून नीट बसलेलं नाही. काही वाक्यं अशी असतात की त्यांना ठेवायला घरात जागा सापडत नाही. ती या हातातून त्या हातात घेत आपण घरभर फिरत राहतो.

फिलूमाय दारातच उभी होती. गाडीवरचं सामान तिनं समाधानानं बघितलं, आणि मग गाद्यांमधला कोट तिच्या नजरेत आला. तिचा चेहरा बदलला. "ह्यो कोन?" भिवाला पुन्हा खोकला आला तशी ती दोन पावलं मागे सरकली. "छातीचं हाय ना? खोटं नको बोलू. मना कळतं. ह्यो मानूस माझ्या उंबऱ्यात नको."

पुलावरचं उत्तर इथे उलटलं असतं. दुसरं एखादं खोटं आईला सुचलं असतं, नसतं, कुणास ठाऊक. तिनं गोधडीचं टोक उचलून बांधलेला पाय दाखवला. "छातीचा नाय. पायाक गोळी लागलीहा. मोर्च्यात होतो तो. तुमका फसवून आत येवचंय नाय. नको म्हटलात तर गाडी फिरवतंय."

गाडी फिरवून आम्ही कुठे गेलो असतो? मागे कुलूप लागलं होतं. मी फिलूमायच्या गळ्यातल्या काळ्या दोऱ्याकडे आणि त्यातल्या खुरसाकडे बघत उभी होते. शेजारच्या घरातून बायका डोकावू लागल्या होत्या. गाडीवाला बिडी काढून बाजूला बसला.

"गोळी?" फिलूमायनं विचारलं. "नुसती गोळी?"

"हो."

ती पुढे आली, वाकली, पट्टीचा वास घेऊन बघितला. मासे निवडणाऱ्या बाईचं नाक. "सडला नाय," म्हणाली. मग कमरेवर हात ठेवून तिनं अंगणाच्या कोपऱ्यातल्या झोपडीवजा खोपीकडे बघितलं. "गोळी काय छातीच्या दुखन्यासारखी एकाची दुसऱ्याला लागत नाय. जाळ्यांच्या खोपीत ठेव त्याला. गल्लीतून दिसता नये. हात चालतात ना? मग बसून जाळी विणंल. पायावर उभा ऱ्हायला की जायचं."

मग आमच्या आमटीच्या टोपांकडे बघून म्हणाली, "आनि मना रोज एक वाटी सांबारा. तुमच्या हातचा बघू तरी."

त्या दुपारी आईनं नव्या खोलीत बाराजणांचा स्वयंपाक केला. मी म्हटलं, सगळे कुठे येणार आहेत? ती ऐकेना. गाडी ढकलायला आलेले दोघे जेवले आणि मग आम्ही वाट बघत बसलो. समुद्रावरून सुकटीचा वास येत होता. भरती होती, भिंतीपलीकडे पाणी आपटत होतं. संध्याकाळपर्यंत आणखी तिघे आले. उरलेला भात आम्ही दोन दिवस खाल्ला. बाकीच्यांना वरळी दूर पडली. त्यांचा दोष नव्हता. आठ तास उभं राहिलेल्या माणसानं जेवणासाठी आणखी किती चालायचं?

पुढचे महिने फार वाईट गेले. आमटी रोज थोडी पातळ होत गेली. माझी शाळा सुटली आणि मी फिलूमायबरोबर बोंबील वाळत घालायला जाऊ लागले. हातांचा वास जाईना. आई माझे हात नाकाशी धरायची आणि सोडून द्यायची. आपण चुकलो का, असं तिनं विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं, याचा विचार मी खूप केला. तिनं विचारलं नाही.

भिवाचा पाय भरला, पण वाकेना. साच्यावर उभं राहणं संपलं होतं. जायची वेळ आली तेव्हा तो आईला म्हणाला, "काकी, गड्यांका हय येवक जमणा नाय, तर जेवाण थय जावक काय झाला?" सुरुवातीला तो पाच डबे घेऊन गेला. काठीच्या दोन टोकांना डबे, आणि एक पाय ओढत हा लालबागपर्यंत. आई अंगणात उभी राहून तो दिसेनासा होईस्तोवर बघायची आणि परत येईस्तोवर आतबाहेर करायची. जुने गडी एकेक करून परत मिळाले. मग प्रभादेवीच्या गिरण्यांतले मिळाले. भिवानं हातगाडी घेतली. पुढल्या वर्षी जूनमध्ये आईनं मला शाळेत नेऊन बसवलं. वर्गातल्या मुली माझ्यापेक्षा लहान होत्या. मला त्याचं काही वाटलं नाही.

भिवा खोपीतून गेला नाही. आता जा, असं फिलूमाय त्याला दर सणाला म्हणायची. त्याचं लग्न झालं, बायको आली, तेव्हा खोपीला पक्क्या भिंती घालायचे पैसे तिनंच दिले.

सून काल म्हणाली, आई, बजेटमध्ये दहा टक्के जास्त धरलेत, अनपेक्षित खर्चाला. चांगलं केलं, मी म्हणाले. कागदावर तेवढी जागा सोडलेली बरी. पण अनपेक्षित म्हणून जे येतं ते गोधडी पांघरून, गाद्यांच्या मध्ये बसून येतं; ते नेमकं कुठे मांडायचं हे मला अजून कळलेलं नाही. म्हणून तर मी कपाट उघडते आणि लावते.

शेवटी महाराष्ट्र राज्य झालं तो मे महिना होता. दुपारी उकडत होतं. संध्याकाळी सगळ्यांना रोषणाई बघायला जायचं होतं म्हणून जेवणं अंगणातच, एकाच पंगतीला ठेवली होती. जुने-नवे मिळून तीसेक माणसं, भिवा, त्याची बायको, फिलूमायचा भाऊ. कुणीतरी झेंड्याला लावायला झेंडू आणले होते, त्यातले अर्धे पोरांनी कुस्करले होते. आई वाढायला निघाली तशी फिलूमायनं तिच्या हातातली पळी काढून घेतली.

"बस," म्हणाली. "आज मी वाढते."

आई कशीबशी बसली. पंगतीत कसं बसतात ते तिला ठाऊकच नसल्यासारखी, एका गुडघ्यावर, उठण्याच्या बेतात. फिलूमायनं तिला भात वाढला, वर सांबारं घातलं. सगळे तिच्याकडे बघत होते. तिनं पहिला घास कालवला, तोंडाशी नेला, आणि तो तसाच धरून पंगतीच्या शेवटापर्यंत नजर फिरवली.

"भात पुरतलो मा गो?" तिनं मला विचारलं.